हो गावातलं नाही

घानातल्या त्या गावाचं नावच हो.
आणि सित्सोफे सकाळपासून
चर्चच्या मागच्या खोलीत, पालथ्या क्रेटवर बसून
नाही म्हणतेय.

यंत्र बँकेने टाकून दिलेलं.
झाकण उघडलं तर आत हारमाटानची धूळ,
तपकिरीसारखी मऊ, शिंका आणणारी,
आणि एक पाल, सुकून कागद झालेली.
तिने ब्रशने पंखा झाडला,
रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या,
मच्छरदाणीचा तुकडा कापून
हवेच्या तोंडाला बांधला.
डिस्क दोन. एकीत लिहिलेलं दुसरीत उमटणार.
एक गेली तर दुसरी, जावेसारखी,
कुरकुरत का होईना, घर चालवेल.

खाली ट्रकची बॅटरी,
प्रभुभोजनाच्या वाइनपासून हातभर लांब
(यावर वडीलमंडळाची एक अख्खी बैठक झाली).
कपाटात बाप्तिस्म्यांची वही, १९३१ पासूनची.
कडा वाळवीने खाल्ल्यात.
वाळवीला पासवर्ड लागत नाही.

मग दारं.
यंत्राला पासष्ट हजार दारं असतात, हे ऐकून
म्हातारे कॅटेकिस्ट डोत्से हसले:
आपल्या चर्चला तीन,
त्यातलं एक फुगून बसलंय.
"आधी सगळी बंद," ती म्हणाली,
"मग एकेक, विचारून."
हे नाही. हे नाही. हेही नाही.
बावीस नंबरचं ठेवलं, पण किल्लीवर.
किल्ली तिच्याकडे,
तिची जुळी लाखबंद पाकिटात,
क्पांडोच्या मावशीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी.

जोडून तासही झाला नव्हता काल रात्री,
तोवर कुठून कुठून चारशे टकटका.
अ‍ॅडमिन म्हणून पाहिलं कुणी,
टेस्ट म्हणून,
पास्टर म्हणूनसुद्धा.
डोत्से चष्मा वर सारून ती यादी वाचत राहिले.
आल्यागेल्याला आधी पाणी विचारणारं घर त्यांचं.
"इतके जण आले," ते म्हणाले,
"आणि एकही बसला नाही."

चारच्या सुमारास रेव्हरंड क्लुत्से आले.
घाम पुसत, सहज बोलल्यासारखे:
"मला तेवढं दानाचं पान दिसू दे.
कोण किती देतं.
उपदेशाला सोपं पडतं."

तिची बोटं थांबली.
याच चर्चमध्ये एकदा
नावानिशी आकडे वाचले होते, मोठ्यांदा.
आईचे दोन सेडी.
कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.
त्यानंतर नऊ वर्षं आईने उपासना ऐकली
बाहेर, कडुनिंबाखाली, भिंतीला पाठ लावून.
झाकल्या मुठीला सगळीकडे तोच भाव.

आणि दानाच्या पानाशेजारी पत्त्यांचं पान.
त्यात एन्योनाम आहे,
जिने नवऱ्याला न सांगता घर बदललंय.

"नाही, रेव्हरंड."
पंखा तेवढा बोलत होता.
"बेरीज तुम्हाला दिसेल. नावं फक्त खजिनदार बाईंना."

ते गेले नाहीत.
दुसरं क्रेट ओढून बसले,
आणि बऱ्याच वेळाने, आवाज उतरवून:
"माझ्या नावापुढचंही... दुसऱ्या कुणाला नाही ना दिसणार?"
तीन महिने त्यांच्या नावापुढे काही नव्हतं.
तिने आज सकाळीच वहीवरून ते उतरवलं होतं.
"नाही," ती म्हणाली. या वेळी हळू.

तेवढ्यात वीज गेली.
बॅटरी एकदा चिरकली, मग सावरली.
अंधारात एक हिरवा ठिपका,
आणि तिघांचे श्वास.

डिस्कच्या कुलपाला तिने
अख्खं वाक्य ठेवलं, एवे भाषेतलं,
आई झाडाखालून उठताना
पदर झटकत म्हणायची ते.

मला ठाऊक आहे.
नाही.